पहिल्या पावसात तळ्यातले मासे पहाटे वर येतात, दरवर्षी: कारणं आणि उपाय

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे तळ्याकाठी बॅटरी मारली की पाण्यावर सगळीकडे तोंडंच तोंडं दिसतात. रोहू-कटला पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून हापापलेले, जिताडे कडेला येऊन नुसते उभे, हात लावला तरी न पळणारे. उजाडेपर्यंत चार-पाच मोठे मासे पोट वर करून तरंगायला लागतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात ज्यांच्या घरापुढे तळं आहे त्यांना हे सांगायला नको. मला दर जूनमध्ये याच एका प्रश्नासाठी फोन येतात आणि प्रत्येकाला वाटतं की रात्री कोणीतरी तळ्यात काहीतरी टाकलं.

आमचं तळं पाच गुंठ्यांचं. माझे आबा जिताडा पाळायचे, आता मी बघते. मी मत्स्यशास्त्र शिकले, पण ह्या पहाटेचा धडा मला तळ्याने दिला, आणि त्याची फीही माशांनी भरली. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

आत्ता मासे वर आले असतील तर

बाकीचं नंतर वाचा, आधी पंप काढा. पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, तळाच्या चिखलात टाकू नका. रिकाम्या कॅनला बांधून तो वरच्या फूट-दीड फूट पाण्यात तरंगता ठेवा. पाइपाचं दुसरं तोंड उंच बांधा आणि पाणी भोकं पाडलेल्या पत्र्यावर किंवा जुन्या घमेल्यावर पडू द्या, म्हणजे त्याचे थेंब होऊन खाली येतील. पाण्यात हवा मिसळते ती थेंबांच्या पृष्ठभागातून. नुसती जाड धार पाण्यात सोडली तर आवाज मोठा होतो, काम थोडं होतं.

सगळं तळं वाचवायला जाऊ नका. एक कोपरा वाचवा. पाच-दहा मिनिटांत मासे आपोआप त्या कोपऱ्याकडे सरकायला लागतात आणि तिथे दाटी करून उभे राहतात. तेवढी जागा त्यांना सकाळपर्यंत पुरते. पाणी घुसळणारा एरेटर असेल तर तोही त्याच कोपऱ्यात लावा. वीज गेली असेल, आणि पहिल्या पावसात ती जातेच, तर डिझेल इंजिन काढा. तळं अगदी लहान असेल तर दोघांनी बादल्यांनी पाणी उंचावरून ओतत राहिलं तरी फरक पडतो. ओल्या काठावर वायरीचे जोड उघडे ठेवून पंप सुरू करू नका. गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर आधी तो बसवून घ्या. मासे पुन्हा आणता येतात.

पंप कधी बंद करायचा? सूर्य चांगला दोन तास वर आला आणि मासे खाली गेले की. आभाळ भरलेलंच असेल तर चालू ठेवा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खाद्य पूर्ण बंद. खाल्लेलं पचवायलाही माशाला जास्त प्राणवायू लागतो, आणि तोच नसतो. जाळंही टाकू नका. वर आलेले मासे विकून मोकळं व्हावं असं वाटणं साहजिक आहे, पण जाळ्यात तडफडताना माशाच्या अंगात आम्ल साठतं आणि जे वाचले असते तेही दुपारपर्यंत जातात. काढायचेच असतील तर दुपार होऊ द्या.

हे करू नका

पहिली चूक कळीच्या चुन्याची. मासे वर आले की पोतं फोडून चुना टाकायचा, ही आमच्याकडची जुनी सवय आहे. माशांची विष्ठा आणि कुजलेलं खाद्य यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्यातला थोडाच भाग विषारी रूपात असतो, आणि तो किती हे पीएचवर, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कली याच्या मापावर, ठरतं. पाणी २८ अंशांवर असताना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी असतो. पीएच ८ झाला तर तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो, आणि पीएच ९ झाला तर ४० टक्क्यांच्या वर. कळीच्या चुन्याने पीएच झटकन चढतो. म्हणजे काल जे पाणी मासे सोसत होते तेच पाणी आपण हाताने विषारी करतो. चुना वाईट नाही, त्याची वेळ चुकते. ती वेळ मे महिन्यात असते, खाली सांगते.

दुसरी चूक पोटॅशियम परमँगनेटची. पाणी जांभळं झालं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, पण त्याने माशाला श्वास घेता येईल असा प्राणवायू पाण्यात वाढत नाही. उलट पाण्यातलं हिरवं शेवाळ मरतं आणि दिवसा प्राणवायू बनवणारं तेच तर असतं.

शेण टाकणं आणि चिखल ढवळणं ह्या दोन गोष्टी त्या आठवड्यात मनातही आणू नका. मुलांना तळ्यात उतरू देऊ नका, म्हशी तर नकोतच.

तळ्यात जिवंत कोण आहे ते बघा

आता निदान. मेलेल्या माशांकडे सगळेच बघतात. मी आधी जिवंत कोण राहिलं ते बघते.

तळ्यात मरळ किंवा मागूर असेल तर त्यांना शोधा. ह्या माशांना पाण्याबाहेरची हवा घेता येते. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आठवा, त्या तर ओल्या कातडीतूनही श्वास घेतात. रोहू-कटला मेले आणि मरळ मजेत असेल तर प्राणवायू संपला होता असं जवळपास धरून चाला. मरळही मेली असेल तर गोष्ट वेगळी आहे.

तसंच दिवड आणि कासव. दिवड हा पाणसाप तळ्यात मासे धरतो, मऊ पाठीचं कासव गाळात राहतं, आणि दोघं फुप्फुसाने श्वास घेतात. पाण्यातला प्राणवायू शून्यावर गेला तरी ती नाक वर काढून हवा घेऊन जातात. मासे मेल्यावर सकाळी कासव निवांत मेलेला मासा खाताना दिसतं, आणि लोक म्हणतात, ह्यानेच मारले! तसं नाही. कासव जिवंत आहे हाच पुरावा आहे की पाण्यात विष नसावं. (त्या कासवाला मारू नका, पकडूही नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे, आणि तळं साफ ठेवायला ते मदतच करतं.) पण दिवडही मरून पडलेली दिसली, पाण्यावर धावणारे किडे गायब झाले, कोळंबी सगळ्यांत आधी मेली, तर शेजारच्या शेतातल्या फवाऱ्याचं पाणी आत आलं का ते बघा. कीटकनाशक आधी किड्यांना आणि कोळंबीला लागतं. अशा वेळी बाटलीभर पाणी आणि दोन ताजे मेलेले मासे बर्फात ठेवा आणि तपासायला न्या. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे विचारता येईल.

वेळ आणि आकारही बोलतात. प्राणवायूची टंचाई पहाटे मारते आणि बहुधा मोठ्यांना आधी मारते. मेलेल्याचं तोंड उघडं आणि कल्ले फाकलेले असतात. विष दिवसरात्र बघत नाही, आणि लहान मासे त्यात सहसा आधी जातात. कल्ल्याखालचं रक्त लाल असण्याऐवजी चॉकलेटी दिसलं तर पाण्यात नायट्राइट वाढलंय. ते रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, पाण्यात कितीही असला तरी. गोड्या पाण्याच्या तळ्यात हे जास्त होतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत येऊ देत नाही.

पाऊस एकच, पण घात दोन तऱ्हांनी

आपण हवेत राहतो म्हणून पाण्यातली गरिबी आपल्या लक्षात येत नाही. लिटरभर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तेवढ्याच गोड्या पाण्यात, ३० अंशांवर, तो अगदी पुरेपूर विरघळला तरी साडेसात मिलिग्रॅम. २५ अंशांवर सव्वाआठच्या आसपास, ३५ अंशांवर सातच्याही खाली. पाणी खारं असेल तर त्याहून कमी. म्हणजे मे महिन्यात तळं तापतं तसा डबा लहान होत जातो.

आणि खाणारं तोंड मोठं होत जातं. मासा, साप, कासव, बेडूक, ह्यांच्या अंगाचं तापमान पाण्याच्या किंवा हवेच्या तापमानाबरोबर चढतं-उतरतं. अंग १० अंशांनी तापलं की शरीराचा खर्च दुप्पट-अडीचपट होतो. आपल्याला उकडलं तर घाम येतो आणि आतलं तापमान ३७ वर राहतं. जिताड्याला ही सोय नाही. पाणी ३४ अंशांवर गेलं की त्याचं काळीज, कल्ले, आतडी सगळी ३४ वर.

त्यात रात्र. दिवसा शेवाळ प्राणवायू बनवतं, दुपारी दोन-तीनला तो सर्वांत जास्त असतो. अंधार पडला की शेवाळ स्वतःच श्वास घेत बसतं, गाळ कुजत राहतो, मासे श्वास घेतात, आणि सगळ्यांचा मिळून साठा उजाडायच्या आधी तळाला लागतो. लिटरला ५ मिलिग्रॅम असेपर्यंत मासे सुखात असतात, ३ च्या खाली त्रास सुरू होतो, १ च्या जवळ मरण. दुपारी मोजून ‘आठ आहे, उत्तम आहे’ म्हणणाऱ्याला मी नेहमी सांगते, पहाटे पाचला मोज.

आता पाऊस. तळं गोडं असेल तर असं होतं: उन्हाळाभर वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं गार आणि जड. दोघं मिसळत नाहीत. खालच्या थरातला प्राणवायू गाळाने केव्हाच खाल्लेला. वरून गार पाऊस पडला की वरचं पाणीही गार आणि जड होतं, खाली बसतं, आणि तळाचं काळं पाणी वर उसळतं. घटकाभरात अख्ख्या तळ्याचा प्राणवायू कोसळतो. सोबत सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाचा वायू माशाला स्वतंत्रपणे मारतो.

तळं निमखारं असेल तर उलट. पावसाचं गोडं पाणी कितीही गार असलं तरी खाऱ्या पाण्याहून हलकंच असतं. ते वर झाकणासारखं पसरतं. खालचं पाणी त्या झाकणाखाली कोंडतं, वारा त्याला हलवू शकत नाही, आणि दोन-तीन दिवसांत खाली प्राणवायू संपतो. मासा खाली राहिला तर गुदमरतो, वर आला तर अचानक गोड्या पाण्यात येतो. म्हणून निमखाऱ्या तळ्यात मासे पहिल्या पावसाच्या रात्री मरत नाहीत, तिसऱ्या-चौथ्या पहाटे मरतात, आणि तोवर लोक पाऊस विसरलेले असतात.

तुमच्याकडे कोणतं झालंय हे ओळखायला एक बाटली पुरते. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी. तळाशी सोडा, बूच ओढा, भरू द्या, वर घ्या. वास घ्या, मग क्षार मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर असेल तर वरचं आणि खालचं पाणी वेगवेगळं तपासा. वर हजारी २ (म्हणजे हजार भाग पाण्यात २ भाग मीठ) आणि खाली हजारी १२ असं निघालं तर झाकण बसलंय. मग उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या, वरच्या फळ्या काढा आणि ओहोटीला वरचं गोडं पाणी तेवढं वाहून जाऊ द्या. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी थोडं थोडं आत घ्या, पण आधी खाडीच्या पाण्याचा खारेपणा बघा, पावसाने तीही गोडी झालेली असू शकते. तळाचं पाणी काळं आणि वासाचं निघालं तर एरेटर खोल लावून सगळं एकदम ढवळायच्या फंदात पडू नका.

कल्ल्यांची ओढाताण

हा भाग समजला की बाकीचे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

कल्ला म्हणजे माशाचं फुप्फुस एवढंच आपण शिकतो. पण कल्ला त्याचं मूत्रपिंडही आहे, निम्मं-अधिक काम तोच करतो. माशाचं रक्त समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश खारं असतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांतून सतत पाणी शिरतं आणि मीठ बाहेर झिरपतं. तो पाणी लघवीवाटे फेकत राहतो आणि कल्ल्यातल्या खास पेशींनी मीठ परत ओढून घेतो. समुद्रातला मासा ह्याच्या उलट: त्याच्या अंगातलं पाणी बाहेर जातं, म्हणून तो खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ त्याच कल्ल्यांतून बाहेर टाकतो. जिताडा दोन्ही करू शकतो. नदीत, खाडीत, समुद्रात सगळीकडे तो जगतो आणि अंडी घालायला खाऱ्याकडे उतरतो. पण एका रीतीतून दुसऱ्या रीतीत जायला त्या पेशींची नव्याने जुळणी करावी लागते, आणि तिला काही दिवस लागतात. रात्रीत होत नाही.

आता प्राणवायू कमी पडला की मासा काय करतो? कल्ल्यांतून जास्त रक्त खेळवतो, जास्त पाणी ओढतो, कल्ल्याचा जास्तीत जास्त भाग उघडा करतो. श्वासासाठी हे बरोबरच आहे. पण उघडा कल्ला म्हणजे उघडं दार, त्यातून मीठही जास्त जातं आणि पाणीही जास्त शिरतं. श्वास वाचवावा तर मीठ जातं, मीठ वाचवावं तर श्वास अडतो. त्याच रात्री पावसाने पाणी गोडं झालेलं असेल तर दोन्हीकडून मार. प्राणवायू परत आल्यावरही मासा दिवस-दोन दिवस मलूल राहतो तो यामुळे.

म्हणूनच मासे टबात किंवा सिमेंटच्या टाकीत हलवलेत तर पाण्यात थोडं मीठ टाकल्याने त्यांना खरंच आराम पडतो, मीठ राखायचा खर्च वाचतो. हजार लिटरला एक किलो टाकलं की खारेपणा हजारी १ ने वाढतो. पण अख्ख्या तळ्याला हा हिशोब लावून बघा. पाच गुंठे, पाच फूट पाणी, म्हणजे साडेसात लाख लिटरच्या वर. हजारी १ साठी साडेसातशे किलो मीठ. तळ्यात दोन पोती टाकून समाधान करून घेण्यात अर्थ नाही.

दहा दिवसांनी येणाऱ्या जखमा

एका वर्षी आम्ही पहाट निभावली. तीनच मासे गेले. आबांनी सुटकेचा श्वास सोडला, मीही. दहा-बारा दिवसांनी रोहूंच्या अंगावर लाल चट्टे दिसायला लागले, खवले उभे राहिले, शेपट्या कुरतडल्यासारख्या. मी दुकानातून औषध आणलं, मग दुसरं आणलं. निम्मे मासे गेले. मी शिकलेली होते तरी ती पहाट आणि हे चट्टे यांचा संबंध मला तेव्हा लागला नाही. आजही त्या रोहूंची आठवण आली की वाईट वाटतं.

माशाला धोका जाणवला की त्याच्या अंगात दोन लाटा येतात. पहिली काही क्षणांची: हृदय, कल्ले जोरात, रक्तात साखर. दुसरी कॉर्टिसोलची, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाची. माणसात ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून येतं. माशाला तशी वेगळी ग्रंथी नसते, मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातल्या पेशी ते सोडतात. कॉर्टिसोल शत्रू नाही. कल्ल्यातल्या त्या मीठ सांभाळणाऱ्या पेशी नव्याने उभ्या करायलाही तेच लागतं. पण ते दिवसेंदिवस चढलेलं राहिलं की अंग आपला खर्च कापतं. वाढ थांबते, अंडी धरणं थांबतं, आणि रोगाशी लढणारी फळी पातळ होते. अंगावरचा बुळबुळीत थर आधीच जाळ्याने, दाटीने खरवडलेला असतो. एरोमोनाससारखे जीवाणू तळ्यात बारा महिने असतात, निरोगी माशाला काही करत नाहीत. ते आता आत शिरतात. थंडीच्या तोंडावर पाणी गार झालं की एक पाणबुरशीही अशीच धरते आणि खोल जखमा करते.

त्यामुळे चट्टे दिसले की मी पहिला प्रश्न विचारते: गेल्या दोन आठवड्यांत काय झालं? मासे वर आले होते का, जाळं टाकलं होतं का, पाणी एकदम बदललं का? ते कारण अजून चालू असेल तर औषधाने काही होत नाही. प्रतिजैविकं तर मनानेच तळ्यात ओतू नका, त्याने पाण्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि अमोनिया आणखी चढतो. पहाटेच्या घटनेनंतर पंधरा दिवस मी रोज रात्री एरेटर चालवते, खाद्य निम्म्यावर ठेवते, जाळं नाही, नवीन मासे नाहीत. ते वर्ष सोडून पुन्हा आमच्याकडे तसे चट्टे आले नाहीत.

मे महिन्यातली तयारी

पाणी जितकं उथळ तितकं ते जास्त तापतं आणि रात्री साठा तितका लवकर संपतो. एप्रिलमध्ये तळं गुडघाभर झालं असेल तर मोठे मासे तेव्हाच काढून संख्या कमी करा. दाटी कमी करण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

जुन्या ताटलीला पांढरा रंग द्या, मधून दोरी ओवा, खाली वजन. दुपारी पाण्यात सोडत जा. ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर शेवाळ बेताचं आहे. २० च्या आतच दिसेनाशी होत असेल तर पाणी फार हिरवं आहे, आणि दोन ढगाळ दिवसांत ते सगळं शेवाळ एकदम मरून तुम्हाला रडवणार आहे. खाद्य आणि शेणखत लगेच थांबवा, शक्य तितकं पाणी बदला.

चुन्याची वेळ हीच. कळीचा नको, चुनखडीची भुकटी. बांधाच्या उतारावर आणि पाण्यात, माती तपासून प्रमाण ठरवून. खाजणातल्या चिखलात गंधक असतं, उन्हाळ्यात बांध वाळून भेगाळला की त्याला हवा लागते आणि आम्ल तयार होतं. पहिला पाऊस ते धुऊन तळ्यात आणतो. भुकटी ते आम्ल जिरवते आणि पीएच पटकन हलू देत नाही.

खाद्य द्यायचं ते सकाळी उशिरा, नऊ-दहाला. संध्याकाळी भरपेट खाल्लेला मासा नेमका रात्री जास्त श्वास घेतो. एरेटर असेल तर दिवसा चालवून वीज जाळू नका, रात्री अकरापासून सूर्योदयापर्यंत चालवा. निमखाऱ्या तळ्यात पाऊस सुरू झाला की पहिल्या रात्रीपासूनच, म्हणजे झाकण बसायला वेळच मिळत नाही.

बीज सोडताना

श्रावणात पिशवीतून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, येतं आणि निम्मं पहिल्या दोन दिवसांत मरतं, ही तक्रारही याच घरातली. बंद पिशवी तळ्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, तापमान जुळू द्या. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. लांबच्या प्रवासात पिशवीत कर्बवायू साठतो, पाणी आम्ल होतं, आणि त्यामुळेच आतला अमोनिया निरुपद्रवी राहिलेला असतो. पिशवी उघडली की कर्बवायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघडी पिशवी काठावर ठेवून गप्पा मारू नका. उघडली की तळ्याचं पाणी ओंजळीने मिसळायला लागा आणि काम आटपा. जिताड्याचं बीज खाऱ्या पाण्यातून आलेलं असेल तर पाठवणाऱ्याला आधीच सांगा की तुमच्या तळ्याइतका खारेपणा होईपर्यंत हळूहळू उतरवून दे.

वाळूतल्या घरट्यांबद्दल

किनाऱ्यावर समुद्री कासवांची घरटी राखणारे दोघे-तिघे दरवर्षी मला विचारतात, म्हणून इथेच लिहिते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने काम सुरू केलं आणि मग रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत गावोगावी ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली जाऊ लागली. प्रश्न असा: जानेवारीतल्या घरट्यांतून पिल्लं चांगली निघतात, मार्चमधल्या घरट्यांत अंडी का वाया जातात?

अंड्यालाही श्वास आणि तापमान हीच दोन दुखणी. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, वाळूखाली दीड फुटापर्यंत, ४५ ते ६० दिवस. वाळूच्या कणांमधल्या हवेतून कवचावाटे प्राणवायू आत जातो. तापमान २९-३० अंशांच्या आसपास असेल तर नर-मादी दोन्ही होतात, त्याहून गरम झालं तर माद्याच माद्या. मधल्या तिसऱ्या हिश्श्यातलं तापमान ते ठरवतं. ३४-३५ च्या वर फार काळ राहिलं तर पिल्लू आतच मरतं. शेवटच्या आठवड्यांत वाढत्या पिल्लांची स्वतःची ऊब त्यात भर घालते.

म्हणून थर्मामीटर वाळूच्या वर ठेवू नका, अंड्यांच्या खोलीला पुरा. वन विभागाच्या माणसांशी बोलून मार्चपासून नारळाच्या झापांची सावली करा, पण सगळ्या हंगामात सगळ्या घरट्यांवर नको, नाहीतर नर-मादीचं गणित आपणच बिघडवू. घरट्यांत हातभर तरी अंतर ठेवा. पाणी शिंपडायचं तर संध्याकाळी हलकं. घडा ओतला तर वाळूतल्या फटी पाण्याने भरतात आणि अंडी तळ्यातल्या माशांसारखीच गुदमरतात. अंडी हलवायची असतील तर घातल्यापासून काही तासांतच, आणि फिरवू नका, कारण पिल्लाचा अंकुर वरच्या बाजूला कवचाला चिकटतो, उलटलं की तुटतो.

पिल्लं वर आली की पर्यटक यायची वाट बघत टोपलीत ठेवू नका. त्यांच्या पोटात थोडा बलक शिल्लक असतो आणि लाटांपलीकडे जायचं बळ त्यातूनच येतं. टोपलीत हातपाय मारून ते तिथेच संपतं. रात्री निघाली तर रात्रीच सोडा, उशिरात उशिरा म्हणजे उन्हं तापायच्या आत.